ओल्यावर रंग बसत नाही

कारखान्यात तिला सगळे बुडवी म्हणत. तिने कुणाचं काही बुडवलं नव्हतं, तिचं कामच बुडवण्याचं होतं. हातभर लांबीच्या लवचीक नळ्या चौकटीला चिमट्यांनी टांगायच्या, चौकट हळूच खाली सोडून त्या द्रावणात बुडवायच्या आणि तितक्याच हळू वर काढायच्या. घाईने काढल्या की टोकाला थेंब लोंबतो, रेंगाळलं की थर विरळ बसतो. मग निळसर दिव्यांखाली धरून तो थर पक्का करायचा. खालीवर करायला यंत्र असतं, पण यंत्राला अक्कल नसते. ती शेजारी उभ्या असलेल्या माणसाकडे असावी लागते.

रसायनशास्त्राची पदवी घेऊन ती तिथे लागली तेव्हा आई म्हणाली होती, "एवढं शिकून दिवसभर नळ्या बुचकळणार?"

"तू नाही का दिवसभर कपडे बुचकळलेस? मला निदान पगार मिळेल."

आईने त्यानंतर बरेच दिवस अबोला धरला होता.

त्या नळ्या कशाच्या, हे सांगताना लोक उगाच आवाज खाली आणतात. लघवीच्या. ज्यांचं मूत्राशय आपलं आपण रिकामं होत नाही, त्यांनी ती नळी स्वतःच आत सरकवायची, रिकामं झालं की बाहेर काढायची आणि टाकून द्यायची. यात लाजण्यासारखं काही नाही, देह सगळ्यांनाच आहे. पण लाजेला कुठे कारण लागतं, आणि ही सगळी गोष्ट लाजेमुळेच लांबली.

बाहेरची वस्तू अंगात गेली की शरीर तिला परकी समजतं. बघता बघता तिच्यावर प्रथिनांचं पुट चढतं, त्या पुटावर जंतू येऊन बसतात आणि एकदा बसले की बिऱ्हाडच थाटतात. बुडवीच्या थराचं काम त्यांना बसू न देण्याचं. त्यात विष नसतं, औषध नसतं. तो थर पाणी ओढून घेतो आणि अंगाशी धरून ठेवतो, नळीला जणू पाण्याची कातडी येते. जंतू येतात, पाय टेकायला जागा शोधतात आणि नाद सोडून पुढे जातात. शिवाय पाणी प्यायलेली नळी मासोळीसारखी बोटांतून निसटते, आत जाताना कुठे खरचटत नाही.

हे तिने लग्नानंतर सासऱ्यांना एकदा जेवताना समजावून सांगितलं होतं. सासरे रंगारी होते. भिंतींचे नव्हेत, होड्यांचे. समुद्रात होडीच्या तळाला शेवाळ धरतं, शिंपले चिकटतात, होडी जडशीळ होते. तसं होऊ नये म्हणून तळाला तांबं घातलेला विटकरी रंग देतात. त्यातलं विष हळूहळू झिरपतं आणि बसायला आलेल्याला मारतं. सासऱ्यांनी तो रंग जन्मभर लावला होता.

"म्हणजे तुझा रंग मारत नाही?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग काय करतो? विनंती?"

"बसूच देत नाही, बाबा."

"मारल्याशिवाय कोण उठतं? घरात सून आली ती बुडवी, आणि तीसुद्धा बिनविषारी."

"विष घरात एकाकडे असलं की पुरे."

नवरा घास हातात धरून दोघांकडे आळीपाळीने बघत राहिला. सासरे मात्र ठसका लागेपर्यंत हसले. सासूबाई गेल्यापासून ते असे हसले नव्हते, हे तिला मागाहून कळलं. तिथून दोघांचं जमलं. नवरा मालवाहू जहाजावर इंजिनाचं काम करायचा, वर्षातला बराच काळ समुद्रावर. घरात ही दोघंच. तो आला की त्यालाच पाहुण्यासारखं वाटे.

सासऱ्यांच्या कामाचे नियम सगळ्या धक्क्याला पाठ होते. आधी तासायचं, मग अस्तर, मग रंग, आणि प्रत्येक वेळी मधे कोरडं करायचं. "ओल्यावर रंग बसत नाही," हे वाक्य त्यांनी शिकाऊ पोरांना इतक्यांदा ऐकवलं होतं की पोरं त्यांची नक्कल करताना तेवढंच म्हणत. खांद्यावर जुन्या मऊ सुती कापडाचं फडकं असे. ब्रश उचलण्याआधी त्या फडक्याने फळी या टोकापासून त्या टोकापर्यंत एका हातात पुसायची, मधे थांबायचं नाही. काम सुटलं, फडकं सुटलं नाही. घरीसुद्धा ते खांद्यावर असेच. रोज सकाळी ते धक्क्यावर जात, एका पालथ्या होडीवर बसत आणि दुसऱ्यांच्या रंगकामातल्या चुका काढत. त्यांना कुणी बोलावलेलं नसे आणि कुणी उठवतही नसे.

मग त्यांची लघवी अडली.

इस्पितळात आधी कायमची नळी घातली, मांडीला पिशवी. ती नळी काही आठवड्यांतच तुंबली. ती काढताना सासऱ्यांनी ब्रदरला थांबवलं. "फेकू नकोस. बघू दे." ब्रदरला वाटलं म्हातारा भ्रमिष्ट झाला. सासऱ्यांनी नळीचं टोक उजेडात धरलं. पांढरट, खरबरीत थर चढून भोक जवळजवळ बंद झालं होतं.

"तळ धरलाय," ते सुनेला म्हणाले. "होडीसारखाच. ही तुझ्या कारखान्याची नाही ना?"

"नाही बाबा. ही साधी आहे, हिला थर नाही."

"दिसतंय."

डॉक्टरीणबाईंनी दोन वाटा सांगितल्या. एक, कायमची नळी आणि पिशवी, ती अधूनमधून बदलायची. दुसरी, दिवसातून काही वेळा स्वतः नळी घालून मोकळं व्हायचं, मधल्या वेळात अंगावर काही नाही. "पण हात स्थिर हवा आणि आत इजा होता कामा नये. महिनाभर करून बघा. रक्त येत राहिलं तर मात्र कायमचीच घालावी लागेल."

"पिशवी लटकवून मी धक्क्यावर जाणार नाही," सासरे म्हणाले.

"कुणाला दिसत नाही ती. कपड्याच्या आत असते."

"मला दिसते."

विषय संपला. धक्का सुटला की म्हातारा खुर्चीत बसून भिंतीकडे बघत संपणार, हे सुनेला डॉक्टरांइतकंच स्पष्ट दिसत होतं.

ब्रदरने पडद्याआड शिकवलं. ती बाहेर बाकावर बसून समोरच्या भिंतीवरचं डोळे तपासण्याचं पत्रक वाचत राहिली. आतून आवाज येत होता. पाकीट फोडा, आतली पाण्याची पुडी दाबा, नळी भिजू द्या, की झालं. जमलंही. सासरे बाहेर आले ते ताठ मानेने. जाताना औषधांच्या दुकानातून खोका घेतला, तो नेमका तिच्याच कारखान्याचा निघाला. तो तिने पिशवीत न घालता हातातच धरून घरी आणला.

पहिले काही दिवस बरे गेले असावेत. असावेत म्हणायचं, कारण विचारणार कोण? सुनेने सासऱ्याला हे विचारायचं कसं, यावर कुठल्याच पदवीत धडा नसतो. स्वच्छतेचं मात्र बोलणं झालं होतं, आणि त्यात ते चोख निघाले. आपली फडकी ते स्वतः उकळत्या पाण्यात टाकत, उन्हात वाळवत, इस्त्री करून चौकोनी घड्या घालून न्हाणीघराच्या फळीवर ठेवत. ती मनात म्हणाली, किती टापटीप आहे हो यांची. आणि कामाला निघून गेली.

मग एक दिवस ते धक्क्यावर गेले नाहीत. गुडघा दुखतोय म्हणाले. दुसऱ्या दिवशी वारा फार आहे म्हणाले. वारा नव्हता. तिच्या लक्षात आलं की त्यांच्या उशाशी सकाळी भरून ठेवलेला पाण्याचा तांब्या संध्याकाळी तसाच असतो. पाणी प्यायचंच नाही, म्हणजे न्हाणीघरात जायची वेळ कमी येते. लहान मुलाचा हिशेब. दोरीवर वाळत घातलेल्या एका फडक्यावर, उकळूनही न गेलेला, फिकट तांबूस डाग होता.

"बाबा, काही त्रास होतोय का?"

"कसला त्रास?"

"पाणी पीत नाही तुम्ही."

"तहान नाही."

नवऱ्याचा फोन आला तेव्हा तिने त्याला सांगितलं. तो म्हणाला, "तू जरा नीट विचार ना त्यांना."

"तू विचार. तुझे वडील आहेत."

"समुद्रातून विचारू?"

"समुद्रातूनच सोपं जाईल. तोंड तर दिसणार नाही."

त्याने विचारलं. वडिलांनी त्याला हवामान विचारलं. झालं बोलणं.

शेवटी एका संध्याकाळी, ती भाजी चिरत असताना, सासरे खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तुझा रंग धरतो."

सुरी थांबली. "धरतो म्हणजे?"

"धरतो म्हणजे धरतो. आत जाताना, आणि त्याहून जास्त बाहेर येताना. चामडी सोलल्यासारखं होतं." मग जरा थांबून, "तुला सांगणार नव्हतो."

ती रात्रभर काय झोपली असेल नसेल, ते सोडा. दुसऱ्या दिवशी कारखान्यात पोचताच तिने त्या खोक्यावरच्या क्रमांकाच्या, जपून ठेवलेल्या नमुन्याच्या नळ्या काढल्या. रंगाच्या पाण्यात बुडवून बघितल्या. थर कुठे तुटला असता तर तिथे डाग दिसला असता. सगळीकडे सारखा. मग भिजवून, दोन गाद्यांच्या चिमटीत धरून यंत्राने ओढल्या. पडद्यावरची घर्षणाची रेघ सपाट, जमिनीला टेकलेली. नळ्या होत्या तशा निसटत होत्या.

तिच्या विभागाच्या प्रमुख, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, त्यांनी रेघ बघून चष्मा कपाळावर चढवला. "माल उत्तम आहे. म्हाताऱ्या माणसांचे हात कापतात गं."

"त्यांचे हात कापत नाहीत. अजून पट्टी न लावता होडीवर सरळ रेघ ओढतात."

"मग काय करतात ते जाऊन बघ."

"मी? ते सासरे आहेत माझे."

"मग मी जाऊ?"

बुडवीने नळ्या गोळा केल्या. राग कुणाचा आला होता हे तिलाच सांगता आलं नसतं. माल चांगला, हात स्थिर, आणि माणूस मात्र रक्तबंबाळ. तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असतील? डॉक्टरीणबाईंनी दिलेला महिना सोमवारी संपत होता.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर तिने ओटा आवरला, टेबल स्वच्छ पुसलं आणि खोक्यातलं एक पाकीट त्यावर ठेवलं.

"बाबा, बसा. मला दाखवा."

सासऱ्यांचे कान लाल झाले. "काय दाखवू?"

"अंगाशी काही संबंध नाही. फक्त हात. होडी पाण्यात लोटण्याच्या आधीचं सगळं. पुढचं नको."

"तुला तुझ्या मालाची खात्री नाही का?"

"आहे. म्हणूनच विचारतेय."

म्हाताऱ्याने थोडा वेळ टेबलाकडे, थोडा वेळ दाराकडे बघितलं. मग उठून मोरीत गेले. कोपरापर्यंत साबण लावून, नखांखालून बोट फिरवून, रंग उतरवताना धुवावेत तसे हात धुतले. परत येऊन बसले. पाकिटाचा कोपरा फोडला. पाण्याची पुडी अंगठ्याने दाबली, ती फुटल्याचा बारीक आवाज झाला. पाकीट सावकाश इकडून तिकडे कलवलं, पाणी नळीवरून फिरवलं. घाई नाही, चूक नाही. ती एकेक पायरी मनात ताडून बघत होती. बरोबर. बरोबर. हेही बरोबर.

मग त्यांनी डाव्या हाताने नळी मागच्या रुंद टोकाला धरून बाहेर काढली, उजव्या हाताने खांद्यावरचं इस्त्रीचं फडकं ओढलं आणि नळी या टोकापासून त्या टोकापर्यंत एका हातात पुसून काढली. उजेडात धरून बघितली. कुठेतरी ओल दिसली असावी, पुन्हा एकदा पुसली.

"झालं," ते म्हणाले. "आता थोडं वाळू द्यायचं."

 तिला हसू आलं होतं, आणि हसायची सोय नव्हती.

"पुसलीत तुम्ही."

"मग? ओलीच घालू?"

"रोज पुसता?"

"रोज म्हणजे? दर वेळी. पहिल्यांदा गडबडीत कमी पुसायचो, आता हात बसलाय. तो तुझा ब्रदर बेशिस्त. पाणी टपकतंय आणि तशीच हातात दिली. मी बोललो नाही, गरज आपली होती."

"आणि ते पाणी कशाला दिलंय असं वाटलं तुम्हाला?"

"धुवायला. कारखान्यातली धूळ असेल." त्यांनी तिच्याकडे बघितलं. "का?"

 तिने उठून आणखी एक पाकीट आणलं, फोडलं, भिजवलं आणि तशीच ओली नळी हातात घेतली. दुसऱ्या हातात त्यांनी पुसलेली, एव्हाना सुकत आलेली. "डोळे मिटा. मूठ वळा, सैल नको."

म्हाताऱ्याने मुकाट्याने डोळे मिटले. तिने ओली नळी त्यांच्या मुठीतून ओढली. ती कधी निघून गेली हे त्यांना कळलंच नाही, ते मूठ तशीच धरून वाट बघत राहिले. मग तिने सुकलेली ओढली. ती तळहाताला चिकटली, कातडी सोबत घेऊन खरखरत आली. त्यांनी डोळे उघडले.

"ही दुसरी कुठल्या कारखान्याची?"

"दोन्ही माझ्याच. एकाच चौकटीतल्या."

सासरे आपल्या तळहाताकडे बघत बसले. ती सांगू लागली, या वेळी जेवणातल्या गप्पांसारखं नाही, सावकाश. की हा थर पाणी परतवत नाही, पितो. वर दिसतं ते पाणी म्हणजे घाण नव्हे, तेच खरं काम करतं, घसरायचंही आणि जंतूंना दूर ठेवायचंही. ते पुसलं की खाली उरतो तो डिंक. आणि अर्धवट सुकलेला डिंक जिथे टेकेल तिथे चिकटतो.

"म्हणजे मी दर वेळी रंग पुसून टाकत होतो," ते शेवटी म्हणाले.

"पाणी पुसत होता. पण इथे पाणी हाच रंग आहे."

"हे आधी सांगायचं नाही?"

"कुणी नळी पुसेल असं वाटलं असतं का? आणि तुम्ही तरी इतके दिवस गप्प का बसलात?"

त्यांनी फडक्याची घडी घातली, उलगडली, परत घातली. "मला वाटलं तुमचा माल बिघडलाय. डॉक्टरकडे बोललो असतो तर गोष्ट कारखान्यापर्यंत गेली असती. बुडवीचं काम वाईट, असं माझ्या तोंडून कशाला निघायला हवं?"

 रक्त सांडून सुनेचं नाव राखायला निघालेला माणूस समोर बसला होता, त्याला काय म्हणणार? "तुम्ही पण ना," एवढंच ती म्हणाली, तेही पुरं नाही.

सासरे उठले. खोक्यातून एक पाकीट घेतलं. फडकं खांद्यावरून काढलं, टेबलावर ठेवलं आणि न्हाणीघरात गेले. तिने स्वयंपाकघरातला नळ सोडला आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासायला घेतली, आवाज व्हावा म्हणून.

ते बाहेर आले तेव्हा तिने मागे वळून बघितलं नाही. तांब्या उचलल्याचा आवाज आला. त्यांनी पेला भरला, उभ्या उभ्याच प्यायला. परत भरला. तोही संपवला. तिसऱ्यांदा पाणी ओतल्याचा आवाज आला तेव्हा तिने नळ बंद केला.

सोमवारी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आत खरचटलंय, भरून येईल, आणखी महिनाभर बघू. काय चुकत होतं ते सासऱ्यांनी स्वतःच सांगितलं, खाली मान घालून नव्हे, एखाद्या नव्या रंगाचे गुण सांगावेत तसं. डॉक्टरीणबाई आधी सुनेकडे बघत राहिल्या, मग म्हणाल्या की आणखी दोन रुग्णांना हे विचारून बघायला हवं.

कारखान्यात बुडवीने सुचवलं, पाकिटावर मोठ्या अक्षरांत छापा: भिजल्यावर पुसू नका. मोठ्या बाई हसल्या. "अगं, कोण पुसेल?"

"ज्याला आयुष्यभर नीट काम करायची सवय आहे तो."

छापलं. फार मोठ्या अक्षरांत नाही, पण छापलं.

महिना उलटला, पिशवीचं नाव निघालं नाही. एका सुट्टीच्या दिवशी उशीर झाला म्हणून ती त्यांना बोलवायला धक्क्यावर गेली. सासरे पालथ्या होडीवर बसले होते. समोर एकजण तळाला विटकरी रंग देत होता आणि हे त्याला ऐकवत होते, अस्तराशिवाय रंग म्हणजे सदऱ्याशिवाय कोट. तो बिचारा मान डोलवत ब्रश चालवत होता. तिला बघून त्यांनी विचारलं, "काय गं, तुझा तो पाण्याचा रंग होडीच्या तळाला चालेल का?"

तिने तळाकडे बघितलं. "नाही चालायचा. समुद्रात थोड्याच दिवसांत घासून निघून जाईल."

"वाटलंच." म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. रंगवणाऱ्याकडे वळून ते म्हणाले, "ऐकलंस? आमची सून रसायनं शिकलेली आहे. इथे मारल्याशिवाय भागत नाही."

मग ते जरा बाजूला सरकले. होडीच्या पाठीवर लाटेचे शिंतोडे उडून ओल आली होती. त्यांनी खांद्यावरचं फडकं ओढलं आणि शेजारची जागा या टोकापासून त्या टोकापर्यंत एका हातात पुसून काढली.

"बस," ते म्हणाले. "हे पुसलेलं चालतं."